मालधक्क्यावरचं सोळावं गवत

नोकरीतल्या अनुभवांवर लिहा, असं या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, पाकीट चुकून माझ्या पत्त्यावर आलं असावं. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पण कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात अर्धवेळ मदतनीस म्हणून मला तीन वर्षं झाली. तेवढी नोकरी नोकरीत धरत असाल तर लिहितो. आमच्या घरात यापूर्वी कुणी छापायला म्हणून काही लिहिलेलं नाही. तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्यावं.

आधी काम काय ते सांगतो, कारण आमच्या भोसरीत मला अजूनही विचारतात, ‘‘दत्तू, तू कालिजात गवत वाळवतो म्हनं?’’ खरं तर तेच. रानातून रोप आणायचं, टीपकागदाच्या घड्यांत नीट पसरायचं, लाकडी जाळ्यांच्या दाबात घालून पट्टे आवळायचे. रोज टीपकागद बदलायचे, ओले उन्हात टाकायचे. आठ-दहा दिवसांत रोप पापडासारखं वाळतं. मग ते पांढऱ्या जाड कागदावर दोऱ्यानं टाचायचं आणि खालच्या कोपऱ्यात लेबल लावायचं. नाव, कुळ, ठिकाण, फुलाचा रंग, आणि शेवटची ओळ संग्राहकाची, म्हणजे ज्यानं रोप आणलं त्याची. शंभर वर्षांपूर्वीचे कागद आमच्या कपाटात आहेत. रोपाचा रंग गेला आहे, पाकळ्या गळल्या आहेत, पण संग्राहकाचं नाव तसंच आहे. कुणी तरी एका दुपारी वाकून एक रोप उपटलं आणि तेवढ्यावर तो माणूस टिकून राहिला, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते नाव दोनदा मोठ्यानं वाचलं.

नाव शोधायचं ते पुस्तकावरून. आमच्या भागातल्या वनस्पतींचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. त्यात वाटेला फाटे फुटावेत तसे प्रश्न असतात. पानं समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? दर फाट्यावर एक वाट धरायची आणि शेवटी नावाच्या दारात उभं राहायचं. मात्र त्यासाठी फूल हवं, फळही हवं. आळंदीचे एक वैद्य दर महिन्याला पिशवीतून नुसती मुळं घेऊन येत आणि नाव सांगा म्हणत. एकदा आमचे सर, म्हणजे संग्रहाचे प्रमुख, म्हणाले, ‘‘वैद्यबुवा, मुळीवरून नाव सांगणं म्हणजे वहाण बघून माणसाचं नाव सांगणं.’’

वैद्य शांतपणे म्हणाले, ‘‘आमच्या आळंदीत सांगतात. देवळाबाहेर वहाणा सांभाळणारा सांगतो.’’

सरांनी पिशवी परत उघडली.

आता मुख्य गोष्ट. या कामात साप निघतो, काटे लागतात, कागदांना लावायचं कीडनाशक विषारी असतं. मला त्यातल्या कशानं फारसा त्रास झाला नाही. मला त्रास झाला तो हेव्यानं.

माझ्याबरोबर दुसरा मदतनीस होता माधव. कॉलेज पुण्यात आणि तोही पुण्याचाच, वडील हायस्कुलात मुख्याध्यापक. त्याच्या घरी स्वतःचं भिंग होतं, पितळी, मखमलीच्या डबीत. तो इंग्रजी पुस्तक वर्तमानपत्रासारखं वाचायचा. मी एकेका शब्दाला कोश उघडायचो. त्यानं पहिल्याच दिवशी मला ‘अरे दत्तू’ म्हटलं. मला त्याला ‘अरे’ म्हणायला वर्ष लागलं. वाईट होता का? नव्हता. तीच अडचण होती. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याचे कागद हिरवे वाळायचे. आमच्या सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं, ‘‘रोप काळं पडलं म्हणजे मदतनीस झोपला.’’ टीपकागद वेळेवर बदलले नाहीत की रोप कुजून काळं पडतं, आणि तसं रोप सर सरळ टोपलीत टाकत. माझी पहिल्या वर्षी सहा गेली. माधवचं एकच. मी मोजायचो. तो मोजत नसावा, आणि त्याचाही मला राग यायचा.

एकदा दारूबंदी खात्याचा जमादार एक पुडी घेऊन आला. कुणाच्या परसात गांजा लावला आहे असा संशय होता. पुडीत बोटांसारखी फाकलेली दातेरी पानं. मी दुरूनच ओळखलं, ही अंबाडी. आई आठवड्यातून दोनदा तिची भाजी करते. चावून पाहिलं असतं तरी आंबट लागलं असतं. पण मनात आलं, इतकं सोपं कसं असेल, सरांसमोर भाजीचं नाव कसं घ्यावं? तेवढ्यात माधवनं पान उलटं केलं, भिंग लावलं, मधल्या शिरेवरची बारीक गाठ दाखवली आणि पुस्तकातलं नाव सांगितलं. जमादार म्हणाला, ‘‘म्हणजे काय ते मराठीत सांगा.’’

‘‘अंबाडी,’’ मी म्हणालो.

‘‘मग हे आधी बोलायचं की, राव,’’ जमादार म्हणाला आणि गेला. सरांनी माधवच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला माझ्या पाठीवर जाणवलं.

त्याच सुमारास सरांनी दोघांना सांगितलं की संग्रहात पूर्णवेळ मदतनीसाची एक जागा होणार आहे आणि ती आमच्यापैकी एकाला मिळेल. शिवाय म्हणाले, ‘‘पुस्तक लिहून चाळीसएक वर्षं झाली. तेव्हा नसलेल्या परदेशी वनस्पती आता येत असतील. असं एखादं रोप आणाल तर मी टिपण छापीन, त्यात तुमचं नाव घालीन.’’ जागा हवीच होती. पण छापलेलं नाव. मला रात्री त्याचीच स्वप्नं पडू लागली.

माझे वडील, त्यांना मी आबा म्हणतो, रेल्वेच्या गँगमध्ये आहेत. पिंपरी ते चिंचवड हा त्यांचा टप्पा. रूळ बघायचे, खडी सारखी करायची, गवत उपटायचं. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी त्यांची भाकरी घेऊन पिंपरी स्टेशनच्या मालधक्क्यावर गेलो. तिथला नळ कायम गळतो. त्याच्या ओलीत जमिनीला चिकटून एक बारीक रोप पसरलं होतं. चौकोनी दांडा, समोरासमोर दातेरी पानं, आणि बोटाच्या नखाएवढी पिवळी फुलं. फुलाच्या घशात तांबूस रेषा. असं फूल मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

‘‘आबा, ह्याला काय म्हणतात?’’

‘‘नाव न्हाई त्येला. नवं हाय.’’ आबा कांदा फोडत म्हणाले. ‘‘आमी पंधरा जातीची गवतं उपटतो. ह्ये सोळावं. नव्या कारखान्याची खोकी हितं उतरली, त्यातला पेंढा हितंच झाडला, त्या पावसाळ्यानंतर आलंया. उपटून टाकलं का दुसऱ्या दिशी काळं पडतं, जळल्यावानी. बाकीची न्हाई पडत.’’

मी ‘हं’ म्हणालो. माझं लक्ष फुलाकडं होतं. आबा जे बोलले ते माझ्या कानावर पडलं आणि तिथंच राहिलं.

रोप दाबात घातलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तर काळं, काजळी फासल्यासारखं. मी झोपलो होतो तर. कुणी बघायच्या आत ते टोपलीत टाकलं. दुसऱ्या वेळी सकाळ-संध्याकाळ टीपकागद बदलले. तरी काळं. तिसऱ्या वेळी सायकलवर दाब बांधून घरी नेला आणि चुलीजवळच्या उबेत ठेवला. आई म्हणाली, ‘‘पापड हाईत का?’’ तेही काळं पडलं.

तिकडे पुस्तकातही नाव मिळेना. ताजं रोप समोर ठेवून मी फाट्यांमागून फाटे घेतले. ब्राह्मीच्या आसपास पोचायचो. ब्राह्मीचं फूल पांढरट-जांभळं, हे पिवळं. परत फिरायचो. पुस्तकात ते नाहीच, म्हणजे सर म्हणतात तसलं हे रोप आहे, अशी मला जवळजवळ खात्री झाली. मग सरांकडे का नाही गेलो? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. काळं रोप आणि नाव नाही, अशा अवस्थेत माधवदेखत उभं राहायचं नव्हतं. हिरवा कागद आणि नाव घेऊन जायचं होतं, एकदाच.

एका शुक्रवारी माधवनं माझ्या टेबलावर पेल्यात ठेवलेली फांदी पाहिली. ‘‘अरे, हे काय छान आहे. कुठं मिळालं?’’

‘‘वाटेत.’’

‘‘कुठल्या वाटेत?’’

‘‘घराच्या.’’

त्यानं भिंग काढलं. मी पेला उचलून खिडकीकडे नेला. तो हसला. ‘‘बरं बाबा, तुझं तू बघ. आणि ऐक, सर आणि मी रविवारी चिंचवडचा नदीकाठ बघायला येतोय. पिंपरीला उतरून चालत जाऊ. तूही ये.’’

पिंपरीला उतरून चिंचवडकडे जायचं म्हणजे मालधक्क्यावरून, त्या नळावरून. माधवच्या नजरेतून ते सुटलं नसतं. रविवारी संध्याकाळपर्यंत ते त्याचं झालं असतं, हिरवं वाळलं असतं, आणि संग्राहकाच्या ओळीत त्याचं वळणदार नाव आलं असतं. मला ते दिसलं, अक्षरशः दिसलं.

त्याच रात्री जेवताना मी म्हणालो, ‘‘आबा, मालधक्क्याच्या नळापाशी गवत फार माजलंय. मुकादम म्हणत होते, काढायला हवं.’’

आबांनी घास तोंडापाशी थांबवून माझ्याकडं पाहिलं. ‘‘मुकादम म्हनला?’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले आणि जेवले.

रविवारी आम्ही तिघं नळावरून गेलो. ओली, खरडलेली माती. सर पाणी प्यायले, माधवनं तोंड धुतलं, आणि आम्ही पुढे निघालो. दिवसभर मी इतका मोकळा बोलत होतो की सर म्हणाले, ‘‘आज दत्तूला सूर सापडला आहे.’’ ते सुख साधारण एक दिवस टिकलं.

सोमवारी मी संग्रहात गेलो तर सरांच्या टेबलावर एक वर्तमानपत्र उघडं होतं, त्यावर काळी रोपं. माझी. माधव शेजारी उभा होता. मला वाटलं, यानं माझी चोरी पकडली, आता तो हिशेब चुकता करणार.

माधव म्हणाला, ‘‘सर, ही दत्तूची. त्यानं टोपलीत टाकली होती, मी काढून ठेवली. शुक्रवारी पेल्यात तेच रोप ताजं होतं. दोनदा वाळवलं आणि दोन्ही वेळा काळं पडलं.’’

‘‘तीनदा,’’ माझ्या तोंडून निघालं.

‘‘तीनदा. मग ती दत्तूची चूक नाही. ते रोपच तसलं असणार.’’

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंग घेतलं. बराच वेळ बघत होते. काही रोपं मुळातच वाळताना काळी पडतात, त्यांच्या अंगातच ते असतं, आणि ती ओळखीची खूणच असते, असं त्यांनी सांगितलं. मग मला म्हणाले, ‘‘तुला वर्षभर काळ्या रोपांसाठी बोललो, म्हणून लपवलंस ना? तो माझा दोष. पण हे पुस्तकात नाही एवढं खरं. फळ कुठं आहे? तू नुसती फुलं खुडलीस. उकललेलं बोंड पाहिल्याशिवाय नाव सांगता येणार नाही. परवापर्यंत फळासकट आण.’’

जे रोप आणायचं होतं ते मी आबांकडून उपटवलं होतं. आणि ज्याच्यापासून लपवायला उपटवलं, त्यानं माझी फेकलेली रोपं उचलून, झटकून, माझ्या नावानं सरांसमोर मांडली होती. मी माधवचे आभारही मानले नाहीत. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याच्या इंग्रजीचा, भिंगाचा, वडिलांचा जितका हेवा वाटला नव्हता तितका त्याच्या चांगुलपणाचा वाटला. म्हटलं, घरी पोटभर असलं की माणसाला चांगलं होणं परवडतं. आज हे वाक्य लिहितानाही मला ते पूर्ण खोटं वाटत नाही, पण तेव्हा मी त्याच्याआड लपलो होतो हे मात्र कळतं.

घरी आलो. आबा ओट्यावर पाय धूत होते.

‘‘आबा, ते पिवळ्या फुलाचं गवत. सगळं उपटलं का?’’

‘‘तूच सांगितलंस की.’’

‘‘दुसरीकडं कुठं आहे?’’

त्यांनी पाय पुसले, फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. मग म्हणाले, ‘‘चिंचवडच्या अंगाला दुसऱ्या मोरीखाली हाय. उद्या सकाळी माझ्यासंगं चल.’’

मोरी म्हणजे रुळांखालून पाणी जायला बांधलेली लहानशी वाट. सकाळी सातला आम्ही तिथं होतो. मी भराभर फुलांची टोकं खुडायला लागलो तर आबांनी हात धरला. ‘‘बी पायजे ना? मग वरची कशाला घेतो, ती कवळी. खालची घे, मातीला टेकलेली.’’ त्यांनी बोटांनी पानं बाजूला केली. खाली इवलीशी बोंडं होती, काही उकललेली, आत धुळीसारखं बी. ‘‘ह्येच सांडून त्ये वाढतं. म्हनून बी धरायच्या आत उपटावं लागतं. आनि काळं पडंल, तवा घाबरू नगं. तुला म्हनलो व्हतो.’’

‘‘म्हणाला होतात,’’ मी म्हणालो.

त्या बोंडांवर सरांना वाट सापडली. खात्रीसाठी त्यांनी एक कागद बाहेरच्या मोठ्या संग्रहाकडे पाठवला आणि तीन महिन्यांनी उत्तर आलं: बाकोपा प्रोकम्बेन्स. पहिला शब्द ब्राह्मीच्या गणाचा, दुसऱ्याचा अर्थ जमिनीवर लोळणारी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. देशात इतरत्र आढळलेली होती, आमच्या बाजूला नोंद नव्हती. मोठा शोध नव्हे. पण पुस्तकात नव्हती ही गोष्ट खरी होती.

उत्तर यायच्या आधीच, मोरीवरचं रोप वाळलं त्या दिवशी, मी लेबल लिहायला बसलो होतो. ठिकाण लिहिलं. फुलाचा रंग लिहिला. शेरा लिहिला, ‘वाळल्यावर काळी पडते.’ संग्राहकाच्या ओळीत माझं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. मी शाई वाळेपर्यंत त्याकडे बघत बसलो. वर्षभर ज्यासाठी जळत होतो ते समोर होतं, आणि त्या चार इंचांच्या कागदावर माझं असं काय आहे ते मी शोधू लागलो. ठिकाण आबांचं. शेरा आबांचा. बोंडं आबांनी दाखवलेली. माझं होतं ते नळावरचं उपटणं, आणि त्यासाठी लेबलावर ओळ नसते.

मी ते लेबल फाडलं आणि दुसरं लिहिलं. आबांचं पूर्ण नाव लिहायची माझ्यावर शाळेच्या दाखल्यानंतर वेळ आली नव्हती. मोठेपणा म्हणून केलं असं कुणी समजू नये. लिहून झाल्यावर मला आबांचाही हेवा वाटला. ज्यांना या ओळीची किंमत ठाऊक नाही त्यांना ती मिळाली आणि मला ठाऊक होती म्हणून नाही, असं वाटलं. मनुष्य कुठवर घसरतो हे सांगायला लिहितो आहे.

सरांनी लेबल वाचलं. ‘‘हे कोण?’’

‘‘माझे वडील. गँगमन आहेत.’’

‘‘काळी पडते हे त्यांनी सांगितलं?’’

‘‘पहिल्या दिवशीच.’’

सरांनी लेबल कागदावर ठेवलं आणि डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली. टिपण छापून आलं तेव्हा त्यात आबांचं नाव होतं, आणि शेवटी आभारांत एका ओळीत माधवचं आणि माझं, याच क्रमानं. पूर्णवेळ जागा माधवला मिळाली. ती त्यालाच मिळायला हवी होती. हे लिहिताना मी अजून थोडा थांबतो, पण लिहितो. टीपकागद मी अजूनही बदलतो, आणि त्याची रोपं किती, माझी किती, हे मोजायचं जवळजवळ सुटलं आहे.

नळाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माधवला हा अंक वाचूनच कळेल. आबांना वाचता येत नाही, त्यांना मीच वाचून दाखवणार आहे. मात्र त्यांना काही नवं कळेल असं वाटत नाही. त्याचं कारण असं.

टिपण आलं त्या महिन्यात मी त्यांना पुण्याला नेलं, कागद दाखवायला. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं. संग्रहाच्या दारात वहाणा काढल्या. माधवनं खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मी कपाटातून कागद काढून टेबलावर ठेवला. पांढऱ्या कागदावर दोऱ्यानं टाचलेलं ते काळं रोप आबा वाकून बघत राहिले.

‘‘देवळातल्यावानी ठिवलंय,’’ ते म्हणाले. मग, ‘‘माजं नाव कंचं?’’

मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, कागदाला न लागेल असं.

‘‘आन् ह्येचं नाव लागलं का?’’

‘‘लागलं.’’

‘‘मग एक इचारू? मोरीपाशी लई पसरलंया. पावसाआधी काढलं पायजे.’’ त्यांनी बोट उचललं आणि माझ्याकडं पाहिलं. ‘‘ह्या बारीला मुकादमानं खरंच सांगितलंय.’’